वाट तुर्कांनी अडवलीच नव्हती

युरोपीयांनी भारताकडे येणारा समुद्रमार्ग का शोधला, असा प्रश्न महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कुणालाही विचारून पाहा. उत्तर तोंडपाठ असतं. १४५३ साली ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकून घेतलं, आशिया आणि युरोप यांना जोडणारे खुष्कीचे मार्ग त्यांच्या हाती गेले, त्यांनी ते बंद केले, युरोपला मसाल्याचे पदार्थ मिळेनासे झाले आणि म्हणून युरोपीयांना नवे मार्ग शोधणं भाग पडलं. शालेय पुस्तकांत हे आहे, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत आहे. ‘भौगोलिक शोधांची कारणे लिहा’ या प्रश्नाच्या उत्तरात पहिला मुद्दा हाच असतो आणि त्याचे गुण हमखास मिळतात.

हे उत्तर पुस्तकांतून काढून टाकायला हवं, असं माझं म्हणणं आहे. ते ढोबळ आहे एवढीच तक्रार असती तर लिहायचे कष्ट घेतले नसते. शालेय इतिहास थोडाफार ढोबळ असणारच. पण हे उत्तर सरळसरळ चूक आहे, आणि ते चूक असल्याचं काही काल-परवा कळलेलं नाही. लायबियर या अमेरिकी इतिहासकाराने १९१५ सालीच, तुर्क आणि पूर्वेकडचा व्यापार यांचा हिशेब मांडताना, या समजुतीतली हवा काढून घेतली होती. शंभराहून जास्त वर्षं उलटली, आपल्याकडचा धडा जागचा हललेला नाही.

आधी नुसत्या तारखा पाहू. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउता हे बंदर पोर्तुगालच्या फौजेने १४१५ साली घेतलं. मदेरा बेटांवर वस्ती सुरू झाली ती १४२०च्या सुमारास. पुढच्या दशकात अझोर्स बेटांपर्यंत जहाजं पोचली. १४३४ साली जिल इयानेस आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बोजादोर भूशीर ओलांडून परत आला. १४४४ साली पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं पोर्तुगालच्या लागोश बंदरात जाहीरपणे वाटली गेली. कॉन्स्टँटिनोपल पडलं २९ मे १४५३ रोजी. परिणाम कारणाच्या अडतीस वर्षं आधी सुरू झाला, हे मान्य करायचं असेल तरच पुस्तकातलं उत्तर टिकतं. आणि त्याही मागे जायचं तर १२९१ साली इटलीतल्या जिनोआचे विवाल्दी बंधू दोन गलबतं घेऊन जिब्राल्टरबाहेर पडले होते, ते भारत गाठायच्याच इराद्याने. ते परत आले नाहीत. पण कॉन्स्टँटिनोपल पडायला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षं बाकी होती.

याहून पक्का पुरावा एका बखरवजा ग्रंथात आहे. पोर्तुगालचा दरबारी इतिहासकार झुरारा याने राजपुत्र हेन्रीच्या आफ्रिकेकडच्या मोहिमांची हकीकत लिहिली आणि ती राजाला अर्पण करणारं पत्र फेब्रुवारी १४५३चं आहे. म्हणजे मोहिमांचा पहिला पर्व लिहून हातावेगळा झाला, तेव्हा सुलतान मेहमदच्या तोफा कॉन्स्टँटिनोपलच्या तटासमोर यायच्या होत्या. त्यात झुराराने हेन्रीने जहाजं का पाठवली याची कारणंही दिली आहेत. बोजादोरच्या पलीकडे काय आहे हे जाणून घ्यायचं होतं. तिकडे ख्रिस्ती लोक किंवा सुरक्षित बंदरं असतील तर व्यापार करायचा होता. मूर लोकांची, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांची, सत्ता किती दूरवर पसरली आहे ते पाहायचं होतं. त्यांच्याविरुद्ध मदत करील असा एखादा ख्रिस्ती राजा शोधायचा होता. धर्म वाढवायचा होता. आणि सगळ्यांत शेवटी, इतर सगळी कारणं जिच्यातून निघतात अशी गोष्ट म्हणून, झुरारा हेन्रीची पत्रिका मांडतो: मेष राशी, मंगळाचा प्रभाव, मोठे पराक्रम आणि गुप्त गोष्टींचा शोध नशिबात लिहिलेला. पत्रिका आहे, पण मिरी नाही. दालचिनी नाही, कॉन्स्टँटिनोपल नाही.

आता मार्गाचा मुद्दा. नकाशा समोर ठेवला की पुस्तकातलं स्पष्टीकरण आणखी डळमळतं. मलबारची मिरी युरोपात जायची ती मुख्यतः तांबड्या समुद्रातून कैरो आणि अलेक्झांड्रियाला, नाहीतर इराणी आखात आणि सीरियामार्गे बैरूतला. तिथून व्हेनिसचे व्यापारी ती उचलायचे. इजिप्त आणि सीरिया हे दोन्ही मुलूख मामलुक सुलतानांचे होते, ऑटोमनांचे नव्हते. ऑटोमनांनी इजिप्त जिंकलं १५१७ साली. तोवर वास्को द गामा कालिकतला येऊन एकोणीस वर्षं आणि गोवा पोर्तुगीजांकडे जाऊन सात वर्षं झाली होती. मसाल्याची मुख्य वाट कॉन्स्टँटिनोपलवरून जातच नव्हती, तर ते शहर पडल्याने ती अडणार कशी? पश्चिम युरोपातल्या मिरीच्या भावांतही १४५३नंतर टंचाईने उसळी घेतल्याचं दिसत नाही. खुद्द ऑटोमनांना व्यापार बुडवण्यात रस नव्हता, कारण जकात कुणाला नको असते? व्हेनिसशी त्यांनी एप्रिल १४५४मध्ये, शहर घेतल्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, तह करून व्यापाराच्या सवलती दिल्या. पुढे १४६३ ते १४७९ या दोघांत मोठं युद्ध झालं. त्या काळातही व्हेनिसची जहाजं मामलुकांच्या बंदरांत मिरी भरायला जातच होती.

मार्ग बंद होता म्हणणाऱ्यांनी अफानासी निकितिनची गोष्ट वाचावी. हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. व्होल्गा नदीतून खाली उतरताना तातारांनी लुटलं, म्हणून कर्ज डोक्यावर घेऊन घरी जाण्यापेक्षा पुढेच जावं असं त्याने ठरवलं. दर्बेंत, बाकू, मग इराण ओलांडून होर्मुझ, आणि तिथून एक घोडा जहाजात चढवून १४६९च्या सुमारास तो उतरला कुठे, तर आपल्या चौलला. चौलहून घाट चढून जुन्नरला आला. तिथल्या बहामनी सरदाराने घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो, नाहीतर घोडा विसर, असं बजावलं. एका खोरासानी माणसाच्या रदबदलीने घोडा परत मिळाला. पुढे बिदर, आणि काही वर्षांनी परतीचा प्रवास. तो परत गेला त्रेबिझोंदवरून. काळ्या समुद्रावरचं हे शहर ऑटोमनांनी १४६१ साली घेतलं होतं. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याचं सामान उलटंपालटं केलं, कारण तो त्यांच्या शत्रूच्या, उझून हसनच्या, छावणीवरून आला होता आणि त्याच्याकडे कागदपत्रं असतील असा त्यांना संशय होता. सामान तपासलं, त्रास दिला, पण त्याला पुढे जाता आलं आणि भाडं भरून तो समुद्रापलीकडे काफ्फा या जिनोआच्या बंदराला पोचला. घरी मात्र पोचला नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर सोळा वर्षांनी एक कफल्लक रशियन व्यापारी कोकणात येतो आणि ऑटोमन मुलखातून परत जातो. बंद दरवाजा असा असतो का?

दुसरा साक्षीदार खुद्द पोर्तुगालचा हेर आहे. राजा जुवांव दुसरा याने १४८७ साली पेरो द कोव्हिल्या आणि अफोंसो द पाइव्हा या दोघांना मसाल्याचं मूळ आणि पूर्वेकडचा ख्रिस्ती राजा शोधायला पाठवलं. ते बार्सेलोना, नेपल्स, रोड्स करत मधाचे व्यापारी म्हणून अलेक्झांड्रियात उतरले. तिथून कैरो, तांबडा समुद्र आणि एडन. पुढे कोव्हिल्या एकटा कन्नूर, कालिकत आणि गोव्याला गेला. ज्या वाटेला पर्याय शोधणं पोर्तुगालला भाग पडलं म्हणतात, त्याच वाटेने पोर्तुगालचा माणूस मध विकण्याचं सोंग घेऊन भारतात येऊन गेला, गामाच्या दहा वर्षं आधी.

आणि गामाचं काय झालं? मे १४९८मध्ये त्याने कालिकतच्या किनाऱ्यावर एक शिक्षा झालेला कैदी उतरवला. धोक्याच्या ठिकाणी आधी अशा माणसांना पाठवायची पद्धत होती. त्याला लोकांनी दोन व्यापाऱ्यांकडे नेलं. ते ट्युनिसचे होते आणि त्यांना स्पेनमधली कॅस्टिलियन आणि इटलीतली जिनोआची भाषा येत होती. सफरीवरच्या एकाने ठेवलेल्या रोजनिशीत त्यांचे पहिले शब्द आहेत: सैतान नेवो तुला, इथे कुणी आणलं? मग विचारपूस झाली. एवढ्या लांब काय शोधायला आलात? ख्रिस्ती लोक आणि मसाले, असं उत्तर मिळालं. तेव्हा ते म्हणाले, मग कॅस्टिलचा राजा, फ्रान्सचा राजा, व्हेनिसचं सरकार, हे का नाही कुणाला पाठवत? नवा जगप्रवास संपतो तिथे भूमध्य समुद्रावरचे, युरोपातल्या भाषा बोलणारे लोक आधीच दुकान थाटून बसले होते, आणि ते आले होते जुन्याच वाटेने.

कालिकतच्या राजाला, सामुरीला, द्यायला गामाने काढलेल्या भेटीही त्या रोजनिशीत मोजून दिल्या आहेत. पट्ट्यापट्ट्यांचं कापड बारा नग, चार लाल टोप्या, सहा हॅट, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायच्या सहा तस्तांची पेटी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपं आणि मधाची दोन. सामुरीचे अधिकारी ते बघून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून बरं देतो, राजाला द्यायचं तर सोनं द्या, असं त्यांनी सुनावलं. युरोपची खरी अडचण इथे दिसते. माल मिळत नव्हता असं नाही, मालाच्या बदल्यात द्यायला काही नव्हतं. पूर्वेकडून मिरी, रेशीम, सुती कापड यायचं आणि त्याची किंमत चुकवत युरोपचं सोनं-चांदी पूर्वेकडे वाहत जायचं. पंधराव्या शतकात नाण्यांसाठी धातूची इतकी ओढाताण होती की कित्येक टांकसाळी बंद ठेवाव्या लागल्या.

(मसाला कुजकं मांस खपवायला लागायचा, हेही आपल्याकडे हौसेने सांगितलं जातं. ज्याला मिरी परवडायची त्याला ताजं मांस परवडत नव्हतं, हे कुणाच्या डोक्यात कसं शिरलं कोण जाणे.)

एक शेवटचा साक्षीदार देतो आणि हा विषय संपवतो. १५०१ साली पोर्तुगीज जहाजं मिरी घेऊन लिस्बनला परत आल्याची बातमी व्हेनिसला पोचली, तेव्हा तिथल्या जिरोलामो प्रिउली या सराफाने डायरीत लिहून ठेवलं की स्वातंत्र्य गमावल्याची बातमी सोडली तर प्रजासत्ताकाला याहून वाईट बातमी मिळाली नसती. व्यापार १४५३ सालीच बुडाला असता, तर ४८ वर्षांनी रडायला त्यांच्यापाशी उरलं काय होतं?

मग हे लोक निघाले तरी कशासाठी? पोर्तुगाल हा दहा लाखांच्या आसपास वस्तीचा, युरोपच्या टोकावरचा देश. धान्य कायम कमी पडायचं. कॅस्टिलशी १४११ साली तह झाला आणि लढण्यावर जगणाऱ्या सरदारांच्या हाताला काम उरलं नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडून उंटांच्या तांड्यांवरून सोनं उत्तर आफ्रिकेत येतं, हे सगळ्या भूमध्य समुद्राला ठाऊक होतं. मालीचा राजा मनसा मुसा १३२४ साली हजला जाताना कैरोत इतकं सोनं उधळून गेला की तिथला सोन्याचा भाव पडला. मायोर्का बेटावर तयार झालेल्या १३७५च्या नकाशात तोच राजा हातात सोन्याचा गोळा घेऊन बसलेला आहे. सेउता म्हणजे त्या तांड्यांचं एक टोक. ते घेतलं की सोनं आपल्याकडे येईल, मूरांवर विजय मिळेल आणि राजपुत्रांना रणांगणावर सरदारकी मिळेल, असा तिहेरी हिशेब होता. शहर पडलं, तांड्यांनी वाट बदलून दुसरी बंदरं गाठली, आणि सेउता पोर्तुगालच्या गळ्यात पडलं. राजाचा मुलगा पेद्रो याने १४२६ साली ब्रूज शहरातून भावाला लिहिलेल्या पत्रात सेउता म्हणजे माणसं, शस्त्रं आणि पैसा गिळणारं भोक आहे असं स्वच्छ लिहिलं. तांडे येत नाहीत, तर सोन्याच्या मुळापर्यंत समुद्राने जाऊ, हा विचार त्यातून पुढे आला.

दुसरा धागा बेटांचा. ऊस सायप्रस आणि सिसिलीकडे होत असे. जिनोआच्या भांडवलाने तो मदेरात आणला आणि पंधरावं शतक संपेपर्यंत युरोपला साखर पुरवणाऱ्यांत मदेरा आघाडीवर गेलं. उसाला पाणी लागतं, पाण्याला पाट लागतात, पाट खणायला आणि ऊस तोडायला माणसं लागतात. ती कॅनरी बेटांवरून आणि आफ्रिकेतून पकडून आणली गेली. शेजारच्या पोर्तो सान्तो बेटावर पेरेस्त्रेलो नावाच्या अधिकाऱ्याने पिलं असलेली एक ससी सोडली. काही काळातच सशांनी बेटावरचं हिरवं पान शिल्लक ठेवलं नाही, पेरलेलं सगळं गेलं आणि वस्ती हलवावी लागली. याच पेरेस्त्रेलोची मुलगी पुढे कोलंबसची बायको झाली. अमेरिकेत पुढे जे झालं, म्हणजे ऊस, गुलाम, बाहेरून आणलेले प्राणी आणि नष्ट होणारे मूळ रहिवासी, त्याची तालीम या बेटांवर होऊन गेली होती. आपल्या पुस्तकांत या बेटांची नावंही नाहीत.

तिसरा धागा माणसांचा, आणि पुस्तकातलं उत्तर मला खटकतं ते मुख्यतः इथे. ८ ऑगस्ट १४४४ची सकाळ. लागोशच्या बंदरात, मोहिमेचा म्होरक्या लान्सारोते याच्या जहाजांतून २३५ माणसं उतरवून गावाबाहेरच्या मैदानात उभी केली गेली. आजूबाजूच्या खेड्यांतून बघे जमले होते. उन्हाचा ताप वाढायच्या आत काम उरकायचं होतं. झुरारा लिहितो की काही जण गोरेच म्हणावेत असे होते, काही सावळे, काही काळेभोर. कुणी मान खाली घालून रडत होते, कुणी आकाशाकडे बघून ओरडत होते, कुणी आपल्या मुलखाच्या पद्धतीने शोकगीत गात होते. सारखे वाटे पडावेत म्हणून बाप-मुलं, नवरा-बायको, भाऊ-भाऊ तोडले गेले. एका वाट्यात टाकलेलं मूल उठून दुसऱ्या वाट्यातल्या बापाकडे धावायचं. आया पोरांना कवटाळून जमिनीवर पालथ्या पडत होत्या, म्हणजे मार अंगावर बसला तरी पोर हातातून सुटू नये. हेन्री घोड्यावर बसून हे बघत होता. त्याचा पाचवा हिस्सा, ४६ माणसं, त्याला मिळाला. झुरारा रडल्याचं सांगतो आणि लगेच स्वतःची समजूत घालतो की यांचे आत्मे तरी तरले. १४४८पर्यंत अशी ९२७ माणसं आणली गेली, असा त्याचाच आकडा आहे. हे सगळं १४५३च्या आधी घडलं, आणि यातलं काहीही कुणाला भाग पडलं नव्हतं. हा धंदा होता, त्याला परवाने होते, हिस्से ठरलेले होते आणि गुंतवणूकदार रांगेत होते.

तंत्राबद्दलही दोन शब्द, कारण ‘होकायंत्राचा शोध’ आणि ‘प्रबोधनाचे वारे’ ही पुढची पाठ केलेली कारणं. बोजादोरची भीती जाण्याची नव्हती, परतण्याची होती. तिथे वारा आणि समुद्राचा प्रवाह दोन्ही वर्षभर ईशान्येकडून येतात आणि जहाजाला दक्षिणेकडे ढकलतात. आपल्या कोकणी, गुजराती तांडेलांना निसर्गाने सोय करून दिलेली, सहा महिने वारा एकीकडे, सहा महिने दुसरीकडे. थांबलं की परतीचा वारा येतोच. अटलांटिकच्या त्या पट्ट्यात थांबून काहीच होत नाही. पोर्तुगीज खलाश्यांनी यावर तोड काढली ती उलटी वाटणारी: घरी यायचं असेल तर किनारा सोडून वायव्येला, भर समुद्रात जा, अझोर्सच्या आसपास पश्चिमेकडून वाहणारे वारे सापडतील आणि ते लिस्बनला आणून सोडतील. ही युक्ती कुठल्याही ग्रीक हस्तलिखितातून आलेली नव्हती. मासेमारी करणाऱ्या आणि गुलाम धरायला जाणाऱ्या लोकांनी ती जिवावर उदार होऊन शिकली. गामा १४९७ साली याच ज्ञानाच्या जोरावर केप व्हर्ड बेटांपासून पुढे तीन महिने जमीन न बघता अटलांटिकमध्ये मोठा वळसा घालत गेला.

भारतातल्या मिरीचा व्यापार हे ध्येय पोर्तुगालमध्ये ठळक होतं ते १४८०च्या दशकात. त्याआधी, १४६९ साली, राजाने गिनीच्या किनाऱ्याचा व्यापार लिस्बनच्या फेर्नांव गोमेस या व्यापाऱ्याला पाच वर्षांसाठी मक्त्याने दिला: वर्षाला दोन लाख रैस (पोर्तुगीज नाणी) भरायचे आणि दरवर्षी शंभर लीग (अंतराचं जुनं माप) नवा किनारा शोधायचा. शोधाचा असा ठेका! गोमेसच्या जहाजांना आजच्या घानाच्या किनाऱ्यावर सोनं सापडलं, १४८२ साली तिथे मीनाचा किल्ला उभा राहिला आणि त्या सोन्याने पुढच्या मोहिमांना बळ दिलं. त्या सोन्यासाठी पोर्तुगीज बेनिनकडून गुलाम विकत घेऊन मीनाच्या स्थानिक व्यापाऱ्यांना विकत होते, हाही तपशील पुस्तकांत सापडायचा नाही.

१४५३चा परिणाम शून्य होता असं मी म्हणत नाही. जिनोआला तो बसला. काळ्या समुद्रावरून येणारे गुलाम आणि धान्य, फोकियाची तुरटीची खाण (कापड रंगवायला तुरटी लागते, ती खाण १४५५ साली गेली), आणि १४७५ साली खुद्द काफ्फा, हे हातचं गेल्यावर जिनोआचा पैसा आणि माणसं आणखी जोमाने पश्चिमेकडे, लिस्बन आणि सेव्हिलकडे वळली. कोलंबस हा त्याच गावचा. पण ते आधीपासून सुरू असलेल्या गोष्टीला दिलेलं बळ होतं, आणि ते मिरीचं नव्हतं. पोर्तुगालमध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्याचा परिणाम काय झाला तेही बघण्यासारखं आहे. राजा अफोंसो पाचवा याने पोपच्या हाकेला ओ देऊन तुर्कांविरुद्धच्या धर्मयुद्धाची तयारी केली, १४५७ साली आफ्रिकेच्या सोन्याची क्रुझादो नावाची नाणी पाडली आणि मग, बाकीचे राजे हलेनात तेव्हा, जमवलेली फौज घेऊन १४५८ साली मोरोक्कोतलं आणखी एक गाव जिंकलं. १४५५च्या पोपच्या फर्मानात हेन्री ‘इंडियन’ लोकांपर्यंत समुद्र खुला करील असा उल्लेख जरूर आहे. पण ते लोक ख्रिस्ताचं नाव घेणारे म्हणून, मूरांविरुद्धचे सोबती म्हणून. त्याच फर्मानाने आफ्रिकेतल्या लोकांना कायमचं गुलाम करायचा हक्क पोर्तुगालला दिला.

वाट कुणी अडवली, हा प्रश्न मात्र चांगला आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या किनाऱ्यावर मिळतं. १५०२ साली दुसऱ्या फेरीत गामाने मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज मलबारच्या समुद्रात लुटून माणसांसकट जाळलं. मग कार्ताझ आला: पोर्तुगीजांचा परवाना नसेल तर जहाज जप्त. तांबड्या समुद्राचं तोंड आणि होर्मुझ आवळायचे प्रयत्न सुरू झाले. जकात बुडालेला मामलुक सुलतान शेवटी आरमार घेऊन उतरला आणि मार्च १५०८मध्ये त्याच्या अमीर हुसेनने दीवच्या मलिक अयाझच्या मदतीने चौलच्या खाडीत पोर्तुगीजांना हरवलं. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचं जहाज कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं आणि तो तिथेच पडला. पुढच्या वर्षी दीवला पारडं फिरलं. म्हणजे मसाल्याचा जुना मार्ग बळाने बंद करू पाहणारे पोर्तुगीज होते आणि तो खुला ठेवायला लढणारे मुसलमान सुलतान. सोळाव्या शतकाच्या मध्याला, इजिप्त ऑटोमनांच्या ताब्यात असताना, अलेक्झांड्रियामार्गे मिरी पुन्हा व्हेनिसला भरपूर जाऊ लागली, तेही पोर्तुगीजांना फार काळ अडवता आलं नाही.

इतकं असून १४५३चं उत्तर टिकलंय कशामुळे? ते परीक्षेला सोयीचं आहे: एक साल, एक शहर, एक खलनायक, एक परिणाम. खलनायक तुर्क असल्याने आजच्या हवेतही ते छान बसतं. पण याहून आतलं कारण मला वाटतं ते आपला अहंकार. सगळा युरोप आपल्या मिरीसाठी कासावीस झाला होता, ही कल्पना आपल्याला सुखावते. त्या सुखापायी ऐंशी वर्षांचा आफ्रिकेचा इतिहास आपण नुसती कालिकतला येण्याची वाट समजून ओलांडून जातो. सेनेगल, घाना, बेनिन, काँगो या मुलखांत माणसं राहत होती, राज्यं होती, आणि गोऱ्या सत्तेचा पहिला घाव त्यांच्यावर पडला, हे आपल्या मुलांना कळतच नाही. वसाहतवादाचे बळी म्हणून आपण बोलतो, तेव्हा हे विसरणं शोभत नाही.

आठवी-नववीच्या मुलांना एवढी गुंतागुंत कशी सांगणार, असं शिक्षक म्हणतील. मला ते पटत नाही. सोन्याची हाव, उसाचा मळा, पकडलेली माणसं आणि उलटा वाहणारा वारा, यात न कळण्यासारखं काय आहे? ऊस तर आपल्या मुलांना कुणी समजावून सांगायला नको. एका तासिकेत फळ्यावर १४१५, १४३४, १४४४, १४५३, १४८२, १४८८ (पोर्तुगीजांनी आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडलं ते साल), १४९८ आणि १५१७ ही सालं घटनांसह एका रेषेत मांडावीत, शेजारी मसाल्याच्या जुन्या वाटेचा नकाशा लावावा, आणि यातलं काय काय १४५३मुळे झालं असं विचारावं. उत्तर मुलंच देतील.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने राज्यात पुस्तकं टप्प्याटप्प्याने नव्याने लिहिली जात आहेत. त्यात शोधयुगाचा धडा येईल तेव्हा कॉन्स्टँटिनोपल दुसऱ्या पानावर, जिनोआच्या संदर्भात यावं आणि पहिल्या पानावर सेउता, मदेरा आणि लागोश यावीत, एवढी माझी मागणी आहे. तोवर परीक्षेला बसणाऱ्यांनी मात्र १४५३च लिहावं. तपासणाऱ्याच्या हातात जुनीच उत्तरसूची असणार, आणि तिच्याशी वाद घालून दोन गुण घालवण्यात अर्थ नाही.